मागचे लायनर: अंगणातल्या कामाची वही

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

गगनबावड्याहून परत येताना कळ्याच्या अलीकडे पुढ्यात उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वेळ दिवेलागणीची. दिसला तेव्हा जोरात पाय दाबला. गाडी थांबली, पण मागून डावीकडनं खर्रर्र आवाज आला, तव्यावर उलथनं घासावं तसा. पुढं फुलेवाडीपर्यंत प्रत्येक ब्रेकला तोच.

घरी येऊन हँडब्रेक ओढला आणि खटके मोजले. नऊ. गाडी घेतली तेव्हा पाचव्या खटक्याला धरायची. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली, तर पातळी खालच्या रेघेला टेकायला आलेली. दसऱ्याला पूजेच्या आधी बघितली होती, तेव्हा वरच्या रेघेच्या जराशी खाली होती. ब्रेकचे लायनर (घासून झिजणारं अस्तर) झिजले की पातळी थोडी उतरते हे खरं, पण सव्वा महिन्यात एवढी नाही. तेल कुठंतरी चाललंय.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किलोमीटर झालेली. पुढं डिस्क, मागं ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, लायनर त्याला आतनं दाबतात. पुढचे पॅड दोनदा बदलून झाले, मागचे लायनर मात्र शोरूममधनं आलेले तेच. यात नवल नाही. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि त्यांच्या वाट्याला काम कमी येतं. म्हणूनच मागच्या ब्रेककडं कुणी ढुंकून बघत नाही. मीही अकरा वर्षांत बघितलं नव्हतं.

गाडी आजपासून बंद. ऑफिसला केएमटीची बस.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लायनरचा सेट आणायला निघालो होतो. त्याआधी दाजींना फोन लावला. दाजी शिरोली एमआयडीसीत फिटर, तीस वर्षं झाली. म्हणाले, "पाव्हणं, आधी उघडा, मग सामान आणा. आधी सामान आणणारा माणूस दुकानात दोनदा जातोय."

मुकाट्यानं परत. संध्याकाळी त्यांच्याकडनं दोन लोखंडी घोड्या आणल्या. गाडीतला जॅक फक्त उचलायला. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी साडेआठला सुरुवात. शहाबादी फरशीवर गाडी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा, गाडी पहिल्या गिअरमध्ये. हँडब्रेक मात्र सोडलेला, नाहीतर ड्रम निघायचाच नाही. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅक, मग घोड्या. एकदा गाडी हाताने हलवून बघितली. हलली नाही.

आमच्या गाडीत ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) वेगळे आहेत, त्यामुळं एक छोटा स्क्रू काढला की ड्रम सुटतो. म्हणजे सुटायला पाहिजे. काही गाड्यांत हब ड्रमच्या अंगातच असतो, तिथं मधला मोठा नट आणि बेअरिंग या दोन्हींशी गाठ पडते. ते माझ्या नशिबी नव्हतं एवढंच बरं.

उजवीकडचा ड्रम दोन टोल्यांत आला. डावीकडचा हलेना. मधल्या भोकाभोवती गंज धरलेला, शिवाय आत लायनर झिजून ड्रमला खाच पडलेली असणार आणि खाचेचा काठ लायनरला अडवत असणार. कडेनं हातोडा मारत सुटलो असतो तर ओतीव लोखंड तडकलं असतं. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती याचसाठी. त्यांत आठ एमएमचे दोन बोल्ट घातले आणि इकडं अर्धा फेरा, तिकडं अर्धा फेरा असं आळीपाळीनं आवळत गेलो. सहाव्या का सातव्या फेऱ्याला टण्ण असा आवाज होऊन ड्रम बोटभर पुढं आला.

आत बघितलं आणि तेल कुठं जातंय ते कळलं. डाव्या व्हील सिलिंडरचं (तेलाच्या दाबानं लायनर ड्रमवर ढकलतो तो) रबरी टोपण बोटानं जरा उचललं, तर आतनं ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला. खाली बॅकिंग प्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या पत्र्याच्या थाळीवर, काळा चिखल. ड्रमच्या आत पुढं-मागं दोन शू असतात, लायनर लावलेले लोखंडी अर्धगोल. त्यातल्या पुढच्याच्या लायनरचं तोंड तेलानं चकचकीत झालेलं, आणि खालच्या टोकाला लायनर संपून शूचं लोखंड उघडं पडलेलं. आवाज तिथला.

मोजमाप घेतलं. डावीकडं पुढच्या शूवर लायनर जाड बाजूला १.३ मिमी, मागच्यावर २.८. उजवीकडं पुढं १.९, मागं ३. पुढचा जास्त झिजतो हा दोष नव्हे. चाक फिरताना ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि तो पाचरीसारखा आणखी घट्ट बसतो. मागच्याला ड्रम उलट ढकलून लावतो. म्हणजे पुढचा शू स्वतःच स्वतःला दाबून घेतो. उलटं जाताना त्यांची कामं बदलतात, पण रिव्हर्समध्ये आपण जातो किती?

तेल प्यायलेला लायनर धुऊन, वाळवून, पॉलिश पेपर मारून परत लावणारे आहेत. मी नाही. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. आणि लायनर बदलायचे तर दोन्ही चाकांचे मिळून चारही, एका बाजूचेच बदलले तर ब्रेक सारखे लागत नाहीत.

धूळ फुंकली नाही, हवाही मारली नाही. जुन्या काळच्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आताच्या धुळीतही छातीत घ्यावं असं काही नसतं. साबणाच्या पाण्यानं ओलं करून फडक्यानं पुसलं. तोंडाला मास्क, करोनातला उरलेला.

मग फोटो. वरची स्प्रिंग, खालची स्प्रिंग, मधला अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा दांडा), हँडब्रेकची केबल कुठं अडकते ते. प्रत्येक बाजूचे सहा-सात. नियम मला माहीत होता: एक बाजू उघडायची तेव्हा दुसरी न उघडता ठेवायची, नमुना म्हणून. पण दोन्ही ड्रम लेथवर न्यायचे होते, दोन्ही बाजू साफ करायच्या होत्या आणि फोटो तर होतेच. दोन्ही खोलल्या. शूच्या पिना पक्कडीनं दाबून पाव फेरा फिरवल्या की सुटतात. स्प्रिंगा काढताना एक उडाली ती तुळशीच्या कट्ट्यामागं सापडली.

दोन्ही अ‍ॅडजस्टर आइस्क्रीमच्या एका डब्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवले. सिलिंडरच्या रबराला मात्र डिझेल-पेट्रोल लागू द्यायचं नाही, ते फुगतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकली. दोन्ही ड्रम पोत्यात घालून स्कूटरवरून उद्यमनगर.

कोल्हापुरात राहून ड्रमसाठी रडायचं कारण नाही. हे शहर ओतकामावर जगतं. उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागायची, त्यांचे भाग ओतता ओतता इथं फौंड्र्या उभ्या राहिल्या. शिवाजी उद्यमनगरातनं पसारा शिरोलीला गेला, गोकुळ शिरगावला गेला, आणि आज देशभरच्या गाड्यांच्या पोटात इथलं ओतीव लोखंड असतं. माझे ड्रमही कदाचित इथनंच गेले असतील आणि अकरा वर्षांनी माहेरपणाला आले असतील.

लेथवाल्या मामांनी काही मोजायच्या आधी ड्रम बोटावर टांगला आणि पान्यानं हलकेच वाजवला. बाजारात माठ वाजवून घेतात तसा. आवाज घुमला. "तडा असता तर बद्द वाजला असता," एवढंच म्हणाले. दुसराही घुमला. मग व्यास. ड्रमच्या अंगावर कमाल १८२ मिमी असं ओतलेलं आहे, मूळ माप १८०. उजवा १८०.४, डावा १८०.७, डाव्यात वर खाच. मामा म्हणाले, दोन्ही १८१ ला आणतो, जोडी सारखी राहील.

लेथवर ओतीव लोखंड कापताना बघायला मला आवडतं. पोलादाच्या कशा लांब, निळसर, स्प्रिंगसारख्या पट्ट्या निघतात. इथं तसं काही नाही. टूल लागलं की काळा भुगा झरतो, पिठाच्या गिरणीतनं पीठ पडावं तसा. त्यात ग्राफाइटच्या बारीक पापड्या असतात, त्यामुळं लोखंड कुरकुरीत तुटतं. त्याच पापड्या ड्रमचा कंप गिळतात. दोन हात मारल्यावर खाच गेली आणि आतनं राखाडी, रेशमासारखं तोंड वर आलं. मी नख फिरवून बघणार, तेवढ्यात मामा ओरडले, "हात नको लावू रं, कडा तोडंल बोट!" कड मोडून मग हातात दिले. दोन्हींचे मिळून ३०० रुपये.

येताना सामान घेतलं. शूचा सेट, दोन व्हील सिलिंडर, नवीन स्प्रिंगांचं पाकीट, ब्रेक ऑइल. सिलिंडरला नुसतं रबराचं किट टाकूनही भागतं असं दुकानदार म्हणाला. पण डाव्याच्या आत बोट घातलं तर गंजाचे खड्डे लागत होते, त्यात नवं रबर दिवाळीपर्यंतही टिकलं नसतं. दोन्ही नवीन.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, मिळालं डॉट ४. दोन्ही ग्लायकॉलवालीच, एकमेकांत चालतात. (डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं, त्याला यात शिरू द्यायचं नाही.) नवं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे तेल हवेतलं पाणी पितं. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात अकरा वर्षं राहिलेलं तेल किती अंशांवर उकळलं असतं ते करूळ घाट उतरताना कळलं नाही हे नशीब.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑफिसहून आल्यावर फक्त ब्रेकच्या पाइपाचा नट. दहा एमएमचा, पितळेसारखा मऊ, गंजलेला. पाना घसरला तर नट गोल होणार आणि मग अख्खा पाइपच बदलायचा. डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं. काही केलं नाही. संयम हेच आजचं काम.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नट सुटला. डावीकडचा पहिल्याच ओढीला, उजवीकडचा कुरकुरत. नवे सिलिंडर बसवले. पाइपाचं उघडं तोंड मधल्या वेळात रबरी टोपीनं बंद, नाहीतर टाकी रिकामी होते. तरी एक थेंब मडगार्डवर पडलाच, लगेच पाणी ओतून धुतला. ब्रेक ऑइल रंग खातं.

बॅकिंग प्लेटवर शू जिथं टेकतो त्या सहा उंचवट्यांवर उष्णतेत टिकणारं ग्रीस, काडीच्या टोकानं, हळदीकुंकवाला लावतात तेवढंच. हातांना ग्रीस असताना लायनरला हात नाही. दोनदा साबणानं हात धुतले, शूच्या कडेला धरूनच बसवले.

अ‍ॅडजस्टर डब्यातनं काढून पुसले, आट्यांना ग्रीस लावून बसवले. दोन्ही शूंच्या मध्ये हा दांडा असतो, त्यावर दातेरी चाकी. चाकी फिरवली की दांडा लांब होतो आणि शू ड्रमच्या जवळ जातात. चाकीच्या दातांवर एक छोटी लिव्हर टेकलेली असते. अंतर वाढलं की ती पाय दाबताना चाकीला एक दात पुढं ढकलते, म्हणजे हे काम पुढं आपोआप होत राहतं. आज मी हातानं लांब करताना लिव्हर सारखी आडवी येत होती. पेचकसनं बाजूला धरून चाकी फिरवली. दोन्हीकडं तेच. ड्रम घातल्यावर चाक फिरताना लायनरचा नुसता सर्र आवाज यावा एवढं ठेवलं.

मग हवा काढणं. पॅडलवर लेक बसली, दहावीची. तिच्या भाषेत हा "पप्पांचा बोरिंग व्हिडिओ गेम". पॅडलखाली आईचा पाट आडवा ठेवला, जुन्या मास्टर सिलिंडरचा (पॅडल दाबलं की सगळ्या तेलाला दाब देतो तो) दट्ट्या कधी न गेलेल्या जागी गेला तर तिथल्या गंजावर रबर फाटतं. व्हील सिलिंडरच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं.

"दाब."
"दाबलं."
"धर. सोडू नको." निप्पल उघडलं, बुडबुडे, बंद केलं. "सोड."

आधी डावं चाक, ते मास्टरपासून लांब. काळपट चहासारखं तेल आलं, तेविसाव्या दाबाला मधासारखं स्वच्छ झालं. दर सहा-सात दाबांना टाकीत तेल भरायला मी पळत पुढं. एकदा विसरलो असतो तर परत पहिल्यापासून. उजवीकडं पंधरात आटोपलं. पॅडल दगडासारखं.

हँडब्रेक: पाच.

रविवार, २३ नोव्हेंबर

पहाटे गल्लीत चालण्याच्या वेगानं चार ब्रेक. मग रिंग रोडला चाळीसच्या वेगातनं हलक्या पायानं वीस-पंचवीस वेळा, मध्ये थंड व्हायला अंतर ठेवून, लायनरचं तोंड ड्रमला बसायला. मग पन्हाळा.

वाघबिळाच्या वरच्या चढाला थांबून हँडब्रेकवर गाडी सोडली. हलली नाही. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक अधूनमधून. खाली आल्यावर दोन्ही मागच्या रिमांजवळ हात नेऊन बघितला. दोन्हीकडं सारखं कोमट. एक बाजू तापली असती तर तिकडचा शू घासत राहतोय असं समजायचं. येताना केर्लीत मिसळ. लेक म्हणाली, पॅडल मारल्याचे पैसे यातनं वळते झाले.

रविवार, ३० नोव्हेंबर

हँडब्रेक: सात. लायनर नवे आहेत, बसताहेत. तेल जागच्या जागी.

शनिवार, ६ डिसेंबर

हँडब्रेक: दहा. आणि पॅडल सकाळी अर्ध्याच्या खाली गेलं.

तेल तसूभर उतरलेलं नाही. गळती नाही, हवा असती तर पॅडल स्पंजासारखं लागलं असतं, तसंही नाही. दोनदा पटापट दाबलं की पॅडल वर येतं. म्हणजे शू ड्रमपासून लांब गेलेत. झिजून? दोन आठवड्यांत?

दाजींना बोलावलं. चाक काढलं, ड्रम काढला, आता आपसूक निघाला, तेव्हाच दाजींनी भुवई वर केली. लायनर नवाकोरा. दाजींनी पेचकसनं लिव्हर हलवली तशी दातेरी चाकी एक दात फिरली. परत हलवली. परत एक दात. "बघा हं," म्हणाले आणि दांड्याच्या आट्यांवर बोट ठेवलं. चाकी फिरत होती आणि आटे आत चालले होते. दांडा आखूड होत होता.

डाव्या आणि उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. लिव्हर दोन्हीकडं आरशातल्यासारखी बसते, म्हणून एकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे दोन्ही दांडे लांबच होतात. मी डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला होता. आइस्क्रीमचा डबा एकच होता ना. बसतात दोन्हीकडं तंतोतंत. लायनर जरासे बसले, अंतर वाढलं, लिव्हरनं इमानेइतबारे चाकी ढकलली आणि अंतर आणखी वाढवलं. मग आणखी ढकलली.

हातानं लांब करताना लिव्हर आडवी येत होती, कारण मी तिच्या विरुद्ध दिशेला फिरवत होतो. बरोबर बसला असता तर ती टक् टक् करत स्वतःहून बाजूला झाली असती. २२ तारखेची नोंद वर आहेच. फोटोत सगळं होतं, आट्यांची दिशा सोडून. ती ग्रीस आणि गंजाखाली होती.

दांडा पुसून पॉलिश पेपर मारला तर टोकाला बारीक आर कोरलेला, राइटचा. डाव्या चाकातनं काढलेल्या दांड्यावर.

दाजी काही बोलले नाहीत. चहा पिताना मात्र माझ्या बहिणीला फोनवर सांगत होते, "न्हाई न्हाई, ब्रेक झकास केल्यात पाव्हण्यानं. फकस्त उलटं केल्यात."

रविवार, ७ डिसेंबर

अदलाबदल केली. या वेळी एक बाजू पुरी करूनच दुसरीला हात. चाकी फिरवली, लिव्हर टक् टक् करत बाजूला झाली. तेलाची लाइन उघडली नव्हती, त्यामुळं हवा काढायचा प्रश्न नाही. दीड तासात दोन्ही चाकं जमिनीवर. लेकीच्या नेलपॉलिशनं डाव्या दांड्यावर लाल ठिपका, उजव्यावर दोन. ती बाटली परत मिळणार नाही असं तिनं गृहीत धरलंय.

हँडब्रेक: पाच.

रविवार, ४ जानेवारी २०२६

मधल्या काळात दोनदा राधानगरी, एकदा जोतिबा, रोजचं ऑफिस. पॅडल वरच आहे, तेल रेघेला. हँडब्रेक पाच. रात्री गाडी ओली असली तर हँडब्रेक लावत नाही, गिअरमध्ये ठेवून मागं वीट. जुलैमध्ये सकाळी गाडी हलवताना मागून टक् आवाज यायचा, तो रात्रभर ओल्या ड्रमला लायनर चिकटून बसल्याचा.

दाजींच्या घोड्या अजून माझ्याकडंच. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणालेत, आणि त्यांच्याही गाडीचा हँडब्रेक आठावर गेलाय म्हणे.